अ‍ॅडमिरल दिंग रुचांग आणि चीनचं बेइयांग आरमार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीन-जपानच्या १८९४-९५ च्या युद्धावर मी अधूनमधून लिहितो, आणि दर वेळी सगळ्यात जास्त मेल येतात ते एकाच माणसाबद्दल. कोणी विचारतं तो गद्दार होता का, कोणी विचारतं घोडदळातला माणूस अ‍ॅडमिरल झालाच कसा. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. सोप्यापासून सुरुवात आहे, गुंत्याचे प्रश्न शेवटी. माझं मत काय आहे ते लपवणार नाही: या माणसावर खूप अन्याय झालाय, पण म्हणून त्याच्या चुका पुसल्या जात नाहीत.

हा दिंग रुचांग नेमका कोण?

छिंग घराण्याच्या बादशाही चीनचं सगळ्यात मोठं आधुनिक आरमार म्हणजे बेइयांग आरमार, त्याचा सेनापती. जन्म १८३६, अनहुई प्रांतातल्या लुजियांगचा, मृत्यू फेब्रुवारी १८९५ मध्ये वेइहायवेइ या आरमाराच्या तळाच्या वेढ्यात, अफू खाऊन आत्महत्या. बेइयांग म्हणजे उत्तरेकडचा समुद्र. त्या काळी चीनचं एकच एक नौदल नव्हतंच, उत्तरेचं बेइयांग, दक्षिणेचं नानयांग, फुजियानचं वेगळं, ग्वांगदोंगचं वेगळं, आणि प्रत्येकाचा पैसा आणि मालक निराळा. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टी यातूनच उलगडतात.

नावाचा उच्चार काय? प्रत्येक पुस्तकात वेगळंच स्पेलिंग दिसतं.

दिंग हे आडनाव, चिनी पद्धतीने आडनाव आधी येतं. रुचांग मधला च जरा श्वास सोडून, छ च्या जवळ जाणारा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच माणूस 'तिंग' म्हणून सापडेल, घाबरू नका, दुसरा कोणी नाही. जहाजांची नावं मी आपल्या पेपरात चिनी नावं जशी छापतात तशीच लिहिली आहेत: दिंगयुआन, झेनयुआन, झियुआन, जीयुआन. यातली झियुआन आणि जीयुआन ही दोन वेगळी जहाजं आहेत, आणि त्याहून मोठा घोटाळा असलेली एक जोडी आहे तिच्याबद्दल शेवटी लिहिलंय.

घोडदळातला माणूस अ‍ॅडमिरल कसा झाला?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. दिंग गरीब घरातला, शिक्षण थोडंफार. १८५० च्या दशकात ताइपिंग बंड पेटलं, बंडखोर त्याच्या भागात आले आणि तो त्यांच्यात सामील झाला. म्हणजे ज्या बादशहाचं आरमार पुढे त्याने सांभाळलं त्याच बादशहाविरुद्ध त्याची पहिली लढाई. १८६१ मध्ये आनछिंग शहराच्या वेढ्यात त्याचा वरचा सरदार छंग श्युएची सरकारी बाजूला येऊन मिळाला, दिंग त्याच्यासोबत. तिथून तो ली होंगझांगच्या (पुढे बेइयांग आरमार याच्याच हाताखाली होतं) हुआय सेनेत गेला, ल्यू मिंगछुआनच्या हाताखाली लढला, आणि निएन बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत घोडदळाचा अधिकारी म्हणून नाव कमावलं. निएन लोक घोड्यावरून वेगाने हालचाली करायचे, त्यांचा पाठलाग करणं सोपं काम नव्हतं.

१८७० च्या दशकात सैन्यकपातीवरून वरिष्ठांशी बिनसलं आणि हा घरी जाऊन बसला. मग त्याच दशकाच्या शेवटी शेवटी ली होंगझांगने त्याला बोलावून नौदलात घातलं. लीकडे जहाजांचं शिक्षण घेतलेली तरुण पोरं होती, फुजोउच्या नौदल शाळेत शिकलेली, काही तर इंग्लंडला ग्रीनिचला जाऊन आलेली, पण ती तिशीच्या आतबाहेरची आणि बहुतेक सगळी फुजियानची. लीला वर आपल्या भरवशाचा, आपल्या अनहुईचा, लढाई पाहिलेला माणूस हवा होता. तेव्हाच्या चीनमध्ये सैन्य असंच चालायचं, आपला प्रांत, आपला माणूस.

म्हणजे त्याला समुद्राचं काहीच कळत नव्हतं?

असं सरसकट म्हणू नका प्लीज. कप्तानांसारखं शास्त्रशुद्ध शिक्षण नव्हतं हे खरं, पण १८८० च्या शेवटी तो इंग्लंडला गेला, न्यूकॅसलला आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात चाओयोंग आणि यांगवेइ ही दोन क्रूझर तयार होत होती ती ताब्यात घ्यायला. १८८१ मध्ये चिनी खलाशांनी स्वतः ही जहाजं सुएझमधून, हिंदी महासागर ओलांडून घरी आणली. चिनी निशाण लावून, चिनी माणसांनी युरोपातून आधुनिक लढाऊ जहाज चालवत आणायची ही पहिलीच वेळ. त्यानंतर १८९४ पर्यंत तेरा वर्षं तो समुद्रावरच होता, कोरिया, जपान, हाँगकाँग, सिंगापूर. तज्ज्ञ नव्हता, पण अडाणीही नव्हता. खरी अडचण वेगळी होती: तांत्रिक बाबतीत तो हाताखालच्या शिकलेल्या कप्तानांवर अवलंबून, आणि ते कप्तान एकमेकांचे गाववाले, हा बाहेरचा. अशा ठिकाणी हुकूम चालवणं किती अवघड असतं हे नोकरी केलेल्या कोणालाही कळेल.

कोरियात त्याने राजाच्या बापाला पळवून नेलं होतं हे खरंय?

हो. १८८२ मध्ये सोलमध्ये सैनिकांचं बंड झालं, राजाचा बाप देवोनगुन सत्तेवर आला. चीनने जहाजं आणि सैन्य पाठवलं, दिंग आरमारी बाजूला. देवोनगुनला छावणीत भेटीला बोलावून धरलं आणि जहाजाने चीनला नेलं, तिथे त्याला काही वर्षं बाओदिंगला ठेवलं होतं. दिंगच्या बढतीत या कामगिरीचा हात होता. मला हा प्रसंग वाचताना कधी अभिमान वाटत नाही, पाहुणा म्हणून बोलावून धरणं हे काही शौर्य नाही, पण कोरियातला डाव मात्र त्या वेळी चीनने जिंकला.

दिंगयुआन आणि झेनयुआनचं एवढं कौतुक का?

कारण आशियात तेव्हा त्या तोडीचं दुसऱ्या कोणत्याच आशियाई देशाकडे काही नव्हतं. जर्मनीत स्टेटिनच्या वुल्कान गोदीत बांधलेली (ते शहर आज पोलंडमध्ये आहे), प्रत्येकी सात हजार टनांच्या वर, चार चार ३०५ मिलिमीटरच्या क्रुप तोफा, मध्यभागी पोलादाचं जाडजूड चिलखत. तयार असूनही ती १८८५ पर्यंत चीनला मिळाली नाहीत कारण मध्ये फ्रान्सशी युद्ध चालू होतं. जपानने या जोडीचा एवढा धसका घेतला की खास यांना फोडायला म्हणून मात्सुशिमा, इत्सुकुशिमा आणि हाशिदाते अशी तीन जहाजं बांधली, प्रत्येकावर ३२० मिलिमीटरची एकच प्रचंड तोफ. युद्धात त्या तीन तोफांनी फारसं काही केलं नाही हे वेगळं, पण भीती किती होती ते यातून कळतं.

नागासाकीत काय झालं होतं?

ऑगस्ट १८८६, चिनी जहाजं दुरुस्तीला नागासाकीत आली, खलाशी किनाऱ्यावर उतरले, पोलिसांशी बाचाबाची, दोन दिवसांनी मोठी मारामारी, दोन्हीकडची माणसं मेली, चिनी जास्त. शेवटी दोन्ही सरकारांनी एकमेकांना भरपाई दिली. चीनने प्रकरण मिटलं असं समजलं, जपानी लोकांच्या मनात मात्र बंदरात उभी असलेली ती दोन अवाढव्य जहाजं राहून गेली.

तोफांवर धुणं वाळत घातलेलं टोगो या जपानी नौदल अधिकाऱ्याने पाहिलं आणि तेव्हाच ओळखलं की हे आरमार हरणार, ही गोष्ट खरी का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही सगळ्यात लाडकी गोष्ट. मी ती वापरत नाही. गोष्ट बऱ्याच नंतर, टोगोची थोरवी सांगताना रंगवलेली आहे, जहाज कधी दिंगयुआन असतं कधी दुसरंच, बंदरही बदलतं. दिंगयुआनच्या मोठ्या तोफा डेकपासून बऱ्याच उंच होत्या, आणि जहाजावर कपडे वाळवायला दोऱ्या असतातच, तिथपर्यंत चढून कोण जाईल. आरमारात शिस्त ढिली झाली होती हे खरं, पण त्याला भक्कम पुरावा आहे, धुण्याची गरज नाही. तो पुढच्या उत्तरात.

शिस्त कशाने बिघडली? लँग नावाच्या इंग्रजाचं काय प्रकरण होतं?

विल्यम लँग हा ब्रिटिश नौदलातला कॅप्टन, बेइयांगला सल्लागार आणि शिक्षक म्हणून आलेला, कडक माणूस. खलाशी त्याला टरकून असायचे आणि सराव जोरात व्हायचा. चिनी सरकारने त्याला अ‍ॅडमिरलचा मान दिला होता, पण तो नावापुरता की खरोखरचा हे कोणी स्पष्ट केलं नव्हतं. १८९० मध्ये आरमार हाँगकाँगला होतं, दिंग काही जहाजं घेऊन बाहेर गेला, तेव्हा दिंगयुआनचा कप्तान ल्यू बुचानने दिंगचं निशाण उतरवून स्वतःच्या हुद्द्याचं चढवलं. लँग म्हणाला मी इथे असताना हे निशाण का? प्रकरण ली होंगझांगकडे गेलं, लीने ल्यूची बाजू घेतली, लँगने राजीनामा दिला. त्यानंतर चिनी विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये घेण्यावरही परिणाम झाला.

ल्यूचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं असं मला वाटतं, आपल्या आरमाराचा हुकूम परक्याच्या हातात नको हेही समजण्यासारखं आहे. पण लँग गेल्यावर त्याच्या जागी तेवढा कडक कोणी आणला नाही, दिंग स्वभावाने मऊ, आणि सराव हळूहळू दिखाऊ होत गेला. इथे दिंगची चूक आहे आणि ती मान्य करायला हवी.

आरमाराचा पैसा सम्राज्ञीच्या महालात गेला हे कितपत खरं?

त्सिशी सम्राज्ञीच्या उन्हाळी महालाच्या कामासाठी नौदल खात्याच्या नावाखाली पैसा फिरवला गेला हे खरं. नेमका आकडा मात्र प्रत्येक पुस्तकात वेगळा असतो म्हणून मी कोणताच देत नाही. आणि त्या महालातली संगमरवरी होडी आरमाराच्या पैशातून बांधली असं जे म्हणतात त्यात एक दुरुस्ती, तिचा दगडी पाया १८ व्या शतकातला, छिएनलोंग बादशहाच्या काळचा आहे, त्सिशीने वरचा भाग १८९३ मध्ये नव्याने करवला.

पण नुसतं महालावर बोट ठेवलं की बाकीचे सुटतात. १८८८ मध्ये बेइयांगची रीतसर स्थापना झाली आणि त्यानंतर जवळजवळ खरेदीच थांबली, फुजोउला बांधलेलं पिंगयुआन सोडलं तर मोठं नवं जहाज नाही. १८९१ मध्ये महसूल खात्याने, ज्याचा प्रमुख वेंग तोंगह हा लीचा जुना विरोधक, परदेशी तोफा आणि जहाजं घ्यायला दोन वर्षं बंदी घातली. नेमक्या याच वर्षांत जपान एकामागून एक वेगवान जहाजं घेत होतं, त्यांचं योशिनो २३ नॉट धावायचं, दिंगयुआन जेमतेम साडेचौदा. १८९४ च्या वसंतात दिंगने जलद मारा करणाऱ्या २१ तोफा मागितल्या, लीने ती मागणी दरबाराकडे मांडली, तोफा आल्या नाहीत. काही महिन्यांत युद्ध सुरू झालं. खाणीकडून येणारा कोळसा म्हणजे निव्वळ भुकटी आहे अशी तक्रारही दिंगच्या पत्रांत सापडते. त्याच्या हातात जे होतं ते १८८८ चं आरमार आणि समोर १८९४ चं.

यालूच्या लढाईत काय झालं? दिंग कुठे होता?

१७ सप्टेंबर १८९४. आदल्या रात्री आरमाराने सैन्याची वाहतूक करणारी जहाजं यालू नदीच्या तोंडाशी, दादोंगगोउला पोचवली होती. दुपारी जपानी काफिला दिसला, बाराच्या पुढे लढाई सुरू, संध्याकाळपर्यंत चालली. दिंगने जहाजं आडव्या रांगेत ठेवली, म्हणजे सगळ्यांची नाकं शत्रूकडे, कारण दिंगयुआनच्या मोठ्या तोफांची मांडणी समोर मारा करायला सोयीची. जपानचा अ‍ॅडमिरल इतो सुकेयुकी एकामागे एक अशा उभ्या रांगेत आला, आणि वेगवान तुकडी चिनी उजव्या बगलेवर घातली, जिथे सगळ्यात जुनी, कमकुवत चाओयोंग आणि यांगवेइ होती. तीच दोन जहाजं, जी दिंगने स्वतः न्यूकॅसलहून आणली होती. दोन्ही पेटली आणि गेली.

दिंग दिंगयुआनच्या उघड्या पुलावर (जहाजावर हुकूम देण्यासाठी केलेल्या उंच मंचावर) उभा होता. अगदी सुरुवातीलाच पूल कोसळला, बरेच जण म्हणतात स्वतःच्याच मोठ्या तोफांच्या हादऱ्याने, तो खाली आपटला, पाय चेंगरला, अंगावर भाजलं. त्याला आत न्यायला लागले तर तो जाईना, डेकवरच बसून राहिला की येणाऱ्या जाणाऱ्या खलाशांना आपण दिसावं. हा भाग मी कितीदा वाचला असेल. धाडस प्रश्नच नाही, पण त्याने आपल्यानंतर हुकूम कोण देणार, कोणत्या जहाजावर निशाण जाणार हे ठरवूनच दिलेलं नव्हतं, आणि दिंगयुआनची निशाणं लावायची सोय उद्ध्वस्त झाल्यावर बाकी जहाजांना इशारा मिळेना. मग प्रत्येक कप्तान आपापल्या अकलेने लढला.

चीनची पाच जहाजं गेली, जपानचं एकही बुडालं नाही. तरी जपानने झेनयुआन आणि दिंगयुआनला तासन् तास गोळ्या घातल्या आणि ती बुडाली नाहीत. उलट झेनयुआनच्या एका मोठ्या गोळ्याने इतोचं मात्सुशिमा असं फुटलं की इतोला दुसऱ्या जहाजावर जावं लागलं. चिनी गोळे लागत होते पण कित्येक फुटत नव्हते, आणि स्फोटक भरलेले मोठे गोळे मोजकेच होते. झेनयुआनवर असलेल्या अमेरिकन मॅकगिफिननेही या टंचाईबद्दल लिहून ठेवलंय. त्या दिवशी आणखी शंभर चांगले गोळे असते तर, असा विचार मला दर वेळी येतो.

ल्यू बुचानने घाबरून ऐनवेळी रचना बदलली असं वाचलं, ते?

हा आरोप मुख्यतः दिंगयुआनवरच्या टायलर नावाच्या इंग्रजाच्या आठवणींतून आलाय, त्या लढाईनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या. आडवी रचना दिंगच्याच धोरणात बसत होती, आणि ती वाकडी झाली कारण कडेची जहाजं सावकाश होती, जागेवर पोचायला उशीर झाला. ल्यूने पुढे दिंग खाली पडल्यावर दिंगयुआन शेवटपर्यंत लढवलं, त्यामुळे भ्याड म्हणायला माझी जीभ धजत नाही.

देंग शिचांग आणि त्याच्या कुत्र्याची गोष्ट?

देंग हा झियुआनचा कप्तान. जहाज जखमी असताना त्याने ते जपानी जहाजांवर घालायचा प्रयत्न केला, वाटेतच झियुआन स्फोट होऊन बुडालं, त्यावरच्या सुमारे अडीचशे माणसांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. चिनी पंचांगाने तो त्याचा वाढदिवस होता. पाण्यात कुत्र्याने त्याला धरून ठेवलं, त्याने कुत्र्यासकट बुडणं पत्करलं, अशी कथा चीनमध्ये घरोघरी माहीत आहे. कुत्र्याचा भाग लोककथेत वाढला असेल, पण त्याने मदत नाकारली ही गोष्ट जुनीच आहे. याच लढाईतून जीयुआन घेऊन निघून गेलेल्या फांग बोचिएनचं डोकं एका आठवड्यात ल्यूशुन (पोर्ट आर्थर) या आरमाराच्या दुसऱ्या तळावर उडवलं.

लढाईनंतर तो बंदरात लपून का बसला?

लपून बसला म्हणणं सोपं आहे. ऑक्टोबरपर्यंत जहाजांची दुरुस्ती चालली, मग आरमार वेइहायवेइला आलं. लीला उरलेली जहाजं वाचवायची होती, कारण ती गेली तर बीजिंगकडे जायचा समुद्र मोकळा, आणि दरबारातून मात्र कधी बाहेर पड कधी बंदर सोडू नकोस असे उलटसुलट हुकूम. नोव्हेंबरमध्ये बंदरात शिरताना झेनयुआन खडकाला घासून फाटलं, त्याचा कप्तान लिन ताइझंग याने आत्महत्या केली, आणि दुरुस्तीची मोठी गोदी जिथे होती ते ल्यूशुन २१ नोव्हेंबरला पडलं. मग झेनयुआन धड दुरुस्तही होईना.

ल्यूशुन पडल्याचा राग दरबाराने दिंगवर काढला, पदवी काढली, अटक करून पाठवा असा हुकूम. हाताखालचे अधिकारी आणि ली दोघांनी विनवण्या केल्या की ऐन युद्धात दुसरा माणूस नाही, तेव्हा त्याला तात्पुरतं राहू दिलं. वेइहायवेइची शेवटची लढाई दिंग गुन्हेगार म्हणून लढला, जिंकला असता तरी पुढे तुरुंगच होता.

इतोने त्याला पत्र लिहून जपानला ये म्हटलं होतं ते काय?

हो, जानेवारी १८९५. दोघांची जुनी ओळख होती, १८९१ मध्ये चिनी आरमार योकोहामाला गेलं तेव्हाची. पत्राचा आशय असा की चीन हरतोय तो एका माणसामुळे नाही, जुनाट व्यवस्थेमुळे, तू जहाजांसकट मरण्यात अर्थ नाही, जपानला ये, युद्ध संपेपर्यंत मान राखून ठेवू. दिंगने हे मानलं नाही, पत्र लीकडे पाठवून दिलं. शत्रूकडून आलेलं असलं तरी चीनच्या आजाराचं वर्णन त्यात बरोबर होतं, यालूच्या आणि पैशाच्या उत्तरांत लिहिलंय ते आठवा.

वेइहायवेइ कसं पडलं?

जपानी सैन्य २० जानेवारीला रोंगचेंगला उतरलं, म्हणजे पाठीमागून, जमिनीवरून. दिंगला भीती होती की किनाऱ्यावरचे किल्ले पडले तर त्यांच्याच तोफा आरमारावर फिरतील, म्हणून त्या आधीच निकामी कराव्यात असं त्याचं म्हणणं, पण किल्ल्यांचा अधिकारी वेगळा, त्याने विरोध केला. ३० जानेवारीला दक्षिणेचे किल्ले पडले आणि अगदी तेच झालं. दोन तीन दिवसांत उत्तरेचा किनाराही गेला, तिथल्या तोफा निदान आधी उडवल्या होत्या. मग आरमार आणि बंदराच्या तोंडावरचं ल्यूगोंग बेट चारी बाजूंनी अडकलं, कडाक्याची थंडी, बर्फ.

५ फेब्रुवारीच्या पहाटे जपानी टॉर्पेडो बोटी अडथळे ओलांडून आत शिरल्या आणि दिंगयुआनला टॉर्पेडो लागला, ते उथळ पाण्यात नेऊन ठेवलं. दुसऱ्या रात्री लायुआन आणि वेइयुआन गेली. ७ तारखेला चिनी टॉर्पेडो बोटींनीच पळ काढला आणि बहुतेक पकडल्या गेल्या. नंतर दिंगयुआन शत्रूच्या हाती पडू नये म्हणून चिन्यांनी स्वतःच उडवलं आणि ल्यू बुचानने त्याच रात्री जीव दिला, जहाजाबरोबर मरेन असं तो म्हणायचा. बेटावर सैनिक आणि खलाशी जीव वाचवा म्हणून जमू लागले, परदेशी सल्लागार शरण जा म्हणू लागले. दिंग म्हणत होता ११ तारखेपर्यंत थांबा, मदत येईल. ११ तारखेला कळलं की मदत येणार नाही. उरलेली जहाजं उडवा म्हटलं तर कोणी हात लावेना. त्या रात्री त्याने अफू घेतली, १२ तारखेला गेला. दक्षिणेच्या आरमारांतून एकही जहाज मदतीला आलं नाही, हे पहिल्या उत्तराशी जोडून वाचा.

मग शरणागती दिंगने दिली की नाही? गद्दार का म्हणतात?

सगळ्यात भांडणाचा प्रश्न. १२ फेब्रुवारीला छंग बिग्वांग नावाचा अधिकारी एका तोफबोटीवर पांढरं निशाण लावून इतोकडे पत्र घेऊन गेला, पत्र दिंगच्या नावाने, त्याच्या शिक्क्याने. चिनी इतिहासकारांपैकी मोठा गट म्हणतो की पत्र दिंग मेल्यावर नागरी अधिकारी न्यू छांगबिंग आणि परदेशी सल्लागारांनी बनवलं आणि शिक्का वापरला. दुसरा गट म्हणतो की पत्र दिंगनेच दिलं, माणसं वाचवली आणि मग शब्दाला जागून जीव दिला. इतोने उत्तरासोबत मद्य आणि खाऊ भेट पाठवली ती सभ्यपणे परत आली, आणि दिंग गेल्याचं जपान्यांना १३ तारखेला कळलं.

माझं मत: दोन्हीपैकी काहीही असलं तरी गद्दार हा शब्द बसत नाही. गद्दार इतोच्या पहिल्या पत्रावर होडीत बसला असता.

त्याच्या मृतदेहाचं काय झालं?

इतोने कांगजी हे वाहतूक जहाज चिन्यांना परत दिलं, त्यावरून दिंग आणि आत्महत्या केलेल्या इतर अधिकाऱ्यांच्या शवपेट्या १७ फेब्रुवारीला यानताइला गेल्या. जपानी जहाजांनी निशाणं अर्ध्यावर आणली, तोफांची मानवंदना दिली. स्वतःच्या दरबाराने मात्र अपराध माफ केला नाही, सन्मानाने दफनही होऊ दिलं नाही, शवपेटीला पट्ट्या ठोकून काळा रंग दिला असंही सांगतात. १९१० मध्ये, सा झेनबिंगसारखे जुने सहकारी नव्या नौदलात वर पोचल्यावर, त्याचा हुद्दा परत मिळाला. पंधरा वर्षं लागली. सा स्वतः वेइहायवेइच्या वेढ्यात लढलेला होता, त्याने पाहिलं होतं.

आज या सगळ्याचं काही बघायला मिळतं का?

वेइहायला ल्यूगोंग बेटावर दिंगचं कार्यालय आणि युद्धाचं संग्रहालय आहे, किनाऱ्यावर दिंगयुआनची पूर्ण आकाराची प्रतिकृती. खऱ्या दिंगयुआनचे अवशेष २०१९ मध्ये समुद्रात सापडले आणि पुढच्या वर्षी चिलखताचा एक पत्रा वर काढला. झियुआन त्याआधीच दानदोंगजवळ सापडलं होतं. झेनयुआन जपानने आपल्या नौदलात घेतलं, त्याचे नांगर टोकियोच्या उएनो बागेत मांडून ठेवले होते, ते १९४७ मध्ये चीनला परत आले, एक बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात आहे. जपानमध्ये दाझाइफुला दिंगयुआनच्या लाकूड-लोखंडातून उभारलेलं एक घरही आहे.

जिंगयुआन यालूला बुडालं की वेइहायवेइला? दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात.

दोन्ही बरोबर. जिंगयुआन नावाची दोन जहाजं होती, चिनी अक्षरं वेगळी, सूर वेगळा, आपल्या किंवा इंग्रजी लिपीत मात्र सारखीच दिसतात. जर्मनीत बांधलेलं यालूला बुडालं. इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँगने बांधलेलं ९ फेब्रुवारीला वेइहायवेइत, हातातून गेलेल्या किल्ल्यांच्या तोफांनी. कोणतं ते कळायला नेहमी गोदीचं नाव बघा.

शरणागतीनंतर चीनने एक जहाज परत मागितलं होतं म्हणे?

हो, ग्वांगबिंग. ते मूळचं ग्वांगदोंगच्या आरमाराचं, सरावासाठी उत्तरेला आलेलं आणि युद्धात अडकलेलं. न्यू छांगबिंगच्या बाजूने इतोला लिहिलं गेलं की ग्वांगदोंगचा या युद्धाशी संबंध नाही, तेव्हा एवढं एक जहाज परत द्यावं. एका देशाचा एक प्रांत म्हणतोय की युद्ध आमचं नव्हे, हे वाचलं की दिंग कुठल्या व्यवस्थेत लढत होता ते एका ओळीत कळतं. इतोने दिलं नाही. जपानी नौदलात गेलेलं ते जहाज डिसेंबर १८९५ मध्येच पेस्काडोर बेटांजवळ बुडालं. त्याचा कप्तान म्हणजे तोच छंग बिग्वांग, जो पांढरं निशाण घेऊन गेला होता. पुढे १९११ मध्ये तो हायची हे क्रूझर घेऊन इंग्लंडच्या राज्यारोहणाच्या आरमारी संचलनाला गेला आणि तिथून न्यूयॉर्कला.